जुलाबात बाळाचं दूध बंद करायचं का, आणि केलं तर परत कधी सुरू करायचं

14 महिन्यांच्या मुलाच्या आईने विचारलं आहे. हकिगत थोडक्यात अशी: आधी दोन दिवस ताप आणि उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब. ताप उतरला, उलट्या थांबल्या, पण आज दहावा दिवस आहे आणि शी अजून दिवसातून सात-आठ वेळा, पातळच. दूध प्यायला की अर्ध्या-पाऊण तासात पोट गुडगुडतं, आवाज होऊन फेसाळ शी होते, तिला आंबूस वास येतो. शीची जागा लाल होऊन सोलवटली आहे. वजन 9.6 किलो होतं, ते 9.1 वर आलं. दिवसभरात वरचं दूध साधारण 600 मिलिलिटर आणि रात्री अंगावरचं. त्यांना सल्ला मिळाला आहे की याला दूध पचत नाही, तेव्हा अंगावरच्यासकट सगळं दूध तोडा, सहा महिने सोयाच्या पावडरीवर ठेवा आणि जुलाब थांबेपर्यंत भाताचं पाणी द्या. त्या विचारतात, असं करू का? आणि याला आता आयुष्यभर दूध चालणार नाही का?

आधी उत्तर देते, कारण सविस्तर वाचायला वेळ काढेपर्यंत तुम्ही काहीतरी बंद केलेलं असेल. अंगावरचं दूध अजिबात तोडू नका. वरचं दूध काही दिवस कमी करा, पद्धत बदलून द्या. तेवढ्याने भागलं नाही तर मोजके दिवस लॅक्टोज नसलेलं दूध द्या. सहा महिने नाही. आणि भाताच्या पाण्यावर एक दिवससुद्धा ठेवू नका.

मी बाळाला पाहिलेलं नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. बाळ चार महिन्यांचं आणि फक्त पावडरीच्या दुधावर असतं, किंवा आधीपासून फार अशक्त असतं, किंवा शीत रक्त असतं, तर माझं उत्तर वेगळं आलं असतं. तुम्ही लिहिलेलं वय, तुम्ही लिहिलेला क्रम आणि बाळ मधल्या वेळात खेळतं हा तुमचा उल्लेख, एवढ्यावर मी बोलते आहे.

मुळात झालंय काय ते पाहू. लहान आतड्याची आतली बाजू मखमलीसारखी असते. त्यावर बोटांसारखे बारीक उंचवटे उभे असतात आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) त्या उंचवट्यांच्या अगदी टोकाकडच्या पेशींवर असतं. रोटाव्हायरससारखा विषाणू नेमका ही टोकंच खुडतो. खाली मुळाशी नव्या पेशी तयार होत राहतात आणि चार-पाच दिवसांत वर सरकतात, पण त्या वर येऊन पक्व झाल्याशिवाय पुरेसं लॅक्टेज बनवत नाहीत. म्हणून जुलाबाचं मूळ कारण गेलं, ताप गेला, तरी दुधातली साखर पचवण्याची ताकद सगळ्यात शेवटी परत येते. कोणाला आठवडा लागतो, कोणाला दोन-तीन. आधीच कुपोषित असलेल्या मुलाला त्याहून जास्त.

न फुटलेलं लॅक्टोज तसंच पुढे जातं. ते आपल्याबरोबर पाणी ओढून नेतं, म्हणून शी पातळ. मोठ्या आतड्यात जिवाणू ते आंबवतात, त्यातून वायू आणि आम्लं तयार होतात, म्हणून गुडगुड, फेस, आवाज, आंबट वास. आणि तीच आम्लं त्वचेला लागून शीची जागा भाजल्यासारखी होते. तुम्ही जे एकेक लक्षण लिहिलंय ते या एकाच साखळीतलं आहे. दवाखान्यात असं बाळ आलं की मी आधी डायपर उघडून बघते. शीच्या जागेभोवती लालबुंद कडं, मधे सोललेली चकचकीत कातडी, आणि डायपर उघडताच नाकात जाणारा तो आंबट वास. हे तिन्ही असलं आणि दूध प्यायल्यावर तासाभरात शी होते हे आईने सांगितलं, तर बहुतेक वेळा तपासणीची गरज मला वाटत नाही.

तपासणी करायचीच झाली तर एक गोष्ट सांभाळा, कारण यात घोळ फार होतो. शीचा आम्लपणा आणि तिच्यातली न पचलेली साखर पाहतात. आम्लमान, म्हणजे पीएच (ते जितकं कमी तितका आम्लपणा जास्त), 5.5 च्या खाली आणि साखर अर्ध्या टक्क्याच्या वर असली तर शंकेला बळ मिळतं. पण नमुना पाहिजे तो शीच्या पातळ भागाचा. तो पातळ भाग डायपर शोषून घेतं आणि आपण वरचा चोथा खरवडून बाटलीत भरतो. मग साखर दिसणार कुठून? डायपर उलटं घाला, म्हणजे प्लॅस्टिकची बाजू आत येईल, आणि ताजा पातळ नमुना लगेच प्रयोगशाळेत पोचवा. तो पडून राहिला तरी जिवाणू साखर खाऊन टाकतात. ज्या दिवशी दूध दिलेलंच नाही त्या दिवशीचा नमुनाही उपयोगाचा नाही. आणि उलट बाजूने, फक्त अंगावर पिणाऱ्या लहान बाळाच्या शीत थोडी साखर आणि आम्लपणा एरवीही सापडतो. वजन वाढत असलेल्या, हसऱ्या बाळाचा असा रिपोर्ट हातात धरून कोणी अंगावरचं दूध तोडायला सांगितलं, तर ऐकू नका.

इथे अंगावरच्या दुधाचंच बोलून घेते, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात काळजीची गोष्ट मला तीच वाटली. त्यात लॅक्टोज वरच्या दुधापेक्षा जास्त असतं हे खरं आहे, 100 मिलिलिटरमध्ये 7 ग्रॅमच्या आसपास, तर गाईच्या दुधात 5 ग्रॅमच्या थोडं खाली. हा आकडा सांगूनच आयांना घाबरवलं जातं. पण बाळ ते थोडं थोडं, सावकाश पितं, त्यात संसर्गाशी लढणारे घटक असतात, आतड्याच्या दुरुस्तीला मदत करणारे घटक असतात, आणि उलट्यांनी बेजार झालेलं बाळ बाकी सगळं नाकारतं तेव्हाही ते अंगावर पितं. जुलाब झालेली बाळं अंगावर पीत राहिली की लवकर सावरतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला हाच आहे: जुलाबात स्तनपान चालू ठेवा, उलट अधिक वेळा पाजा. आणि चौदा महिन्यांच्या बाळाचं अंगावरचं दूध आठवडाभर तोडलं की ते बरेचदा परत येतच नाही. जुलाब आठवड्यात जातात, दूध कायमचं जातं.

आता वरचं दूध. साधे, नुकते सुरू झालेले जुलाब असतील तर बहुतेक मुलांना दुधात काहीही बदल करावा लागत नाही. नेहमीचं दूध, नेहमीचं जेवण आणि ओआरएस, एवढ्यावर ती बरी होतात. लॅक्टोज नसलेल्या दुधाने फरक पडतो का यावर झालेल्या अभ्यासांचा, वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने 2013 मध्ये आढावा घेतला, तेव्हा जुलाबाचा काळ सरासरी 18 तासांनी कमी होतो असं दिसलं, तोही मुख्यतः अंगावर न पिणाऱ्या मुलांत. अठरा तास कमी झाले तर चांगलंच आहे, पण त्यासाठी प्रत्येक जुलाबात दूध बदलायची गरज नाही. तुमचं बाळ मात्र त्या साध्या गटात बसत नाही. दहावा दिवस आहे, वजन उतरलंय, दुधाशी संबंध स्पष्ट दिसतोय. इथे काहीतरी करायलाच हवं.

मी काय करते ते सांगते. 600 मिलिलिटर दूध म्हणजे जवळपास 29 ग्रॅम लॅक्टोज, समजा सहा चमचे साखर, आणि रात्रीचं अंगावरचं वेगळं. शाबूत आतड्याला हे काहीच नाही, खुडलेल्या आतड्याला ते एका वेळी झेपत नाही. म्हणून पहिली पायरी दूध कमी करण्याची. वरचं दूध दिवसाला वजनाच्या किलोमागे 50 मिलिलिटरपेक्षा जास्त नको. तुमच्या बाळाला म्हणजे साडेचारशेच्या आत. तेही बाटलीभर एकदम नाही. पाच-सहा वेळांत वाटून, आणि शक्यतो नुसतं न देता मऊ भातात, शिजवलेल्या धान्याच्या पेजेत किंवा कुस्करलेल्या बटाट्यात मिसळून. अन्नाबरोबर गेलेलं दूध पोटातून हळू पुढे सरकतं, थोडं थोडं लॅक्टोज आतड्यापुढे येतं आणि शिल्लक लॅक्टेजला ते फोडायला वेळ मिळतो.

त्या साडेचारशेतलं निम्मं दह्याच्या रूपात गेलं तर फारच छान. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच आंबवून टाकतात, आणि वर स्वतःचं लॅक्टोज फोडणारं विकर बरोबर घेऊन आतड्यात उतरतात. ताजं, साखर न घातलेलं दही जुलाबातल्या मुलांना चांगलं पचतं. खोकला होईल म्हणून घरातली मोठी माणसं अडवतात, त्यांना समजवा.

दूध पाणी घालून पातळ करू नका. लॅक्टोज कमी करायचा हा सगळ्यात सोपा मार्ग वाटतो, पण त्याबरोबर प्रथिनं, चरबी, सगळंच निम्म्यावर येतं आणि बाळाचं पोट मात्र पाण्याने भरतं.

हे दोन-तीन दिवस करून बघा. शीची संख्या कमी झाली, फेस गेला, लाली उतरायला लागली तर पुढे काही बदलायची गरज नाही. फरकच पडला नाही तर दुसरी पायरी: वरचं दूध बंद आणि त्याऐवजी लॅक्टोज नसलेलं दूध किंवा पावडर. लॅक्टोजमुक्त दुधात लॅक्टेज घालून साखर आधीच फोडलेली असते, म्हणून ते जरा गोड लागतं. प्रथिनं आणि कॅल्शियम नेहमीच्या दुधाइतकंच. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र असं प्यायचं दूध मुख्य आहार म्हणून चालत नाही, त्याला लॅक्टोज नसलेली शिशुआहाराची पावडरच लागते.

सोयाच्या बाबतीत दोन वस्तूंची गल्लत होते. बाळांसाठी बनवलेली सोयाची पावडर ही पूर्ण आहार असते आणि तिच्यात लॅक्टोज नसतं, ती मोजके दिवस चालेल. पाकिटात मिळणारं सोयाचं, बदामाचं, तांदळाचं पेय ही निराळी गोष्ट. बदामाच्या आणि तांदळाच्या पेयात प्रथिनं इतकी कमी असतात की दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या दुधाची जागा ती घेऊच शकत नाहीत. आणि शेळीचं दूध हलकं असतं म्हणून ते देऊ का, असं नेहमी विचारलं जातं. त्यातही लॅक्टोज जवळपास गाईच्या दुधाइतकंच आहे. लॅक्टोजच्या त्रासावर त्याचा उपयोग नाही.

आता मला ज्यावर जास्त बोलायचंय ते. तुमच्या प्रश्नात दूध या शब्दाभोवती सगळी चिंता आहे, पण मला त्या 500 ग्रॅमची चिंता आहे. त्यातलं काही पाणी आहे, ते ओआरएसने भरून येईल. उरलेलं बाळाच्या अंगावरचं मांस आणि चरबी आहे, आणि ते उपाशी ठेवल्याने गेलंय. आतड्याची टोकं परत उगवायला कच्चा माल लागतो, तो अन्नातूनच येतो. भाताच्या पाण्यात पाणी आणि थोडा स्टार्च, बस्स. त्यावर ठेवलेल्या मुलाची शी कमी होते, कारण पोटात काही जातच नाही, आणि सगळ्यांना वाटतं गुण आला. मग दूध सुरू केलं की परत पातळ शी, की परत भाताचं पाणी. या फेऱ्यात अडकलेली मुलं महिन्याभराने माझ्याकडे येतात तेव्हा मांड्यांची कातडी सैल लोंबत असते.

अशा मुलाला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण 110 कॅलरी लागतात. तुमच्या बाळाला हजाराच्या घरात. ती भात, डाळ, बटाटा, केळं, अंडं, घरात मांसाहार असेल तर नीट शिजवून बारीक केलेलं चिकन, यातून सहा वेळांत द्या. खायला मागत नाही म्हणून वाटी लगेच उचलू नका, दर दोन-तीन तासांनी दोन-चार घास घेऊन परत बसा. आणि प्रत्येक वाटीत एक छोटा चमचा तेल किंवा तूप घाला. त्या एका चमच्यात 40-45 कॅलरी असतात आणि लॅक्टोजचा प्रश्न नाही. जुलाबात तेलतूप वर्ज्य, ही समजूत मुलांचं नुकसान करते.

फळांचा डबाबंद रस आणि थंड पेयं मात्र बंद. सफरचंदाच्या, नासपतीच्या रसातल्या काही साखरा आतड्यात अशाच न पचता राहतात आणि पाणी ओढतात. दूध तोडून तहान भागवायला रस दिला की जुलाब तसेच चालू राहतात आणि दोष मात्र दुधाला मिळतो.

ओआरएस गोड असतं म्हणून काही जण तेही थांबवतात. त्यातली साखर ग्लुकोज आहे, लॅक्टोज नाही, आणि ते ग्लुकोज मिठाला हात धरून आत घेऊन जातं, त्यामागे पाणी जातं. या वयात प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिलिलिटर, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि आणखी सावकाश द्या. पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण मिसळा, अंदाजाने अर्धं-पाव नको. जोडीला झिंक, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, 10 ते 14 दिवस. जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी कोर्स पुरा करा. शी बांधणारी, लोपेरामाइडसारखी मोठ्यांची औषधं या वयात देऊ नका.

शीची जागा नुसत्या कोमट पाण्याने धुवा, घासू नका, टिपून कोरडी करा आणि झिंक ऑक्साइडचं मलम पांढरा थर दिसेल इतकं जाड लावा. सुगंधी ओले रुमाल वापरू नका, बाळ किंचाळतं ते त्यामुळे. दिवसातून काही वेळ डायपरशिवाय मोकळं ठेवा.

एक शक्यता मात्र नजरेआड करू नका. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ऍलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. ती बहुधा पहिल्या वर्षातच, दूध सुरू झाल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत कळते. शीत रक्त किंवा शेंबडासारखा चिकट भाग, अंगावर पुरळ, इसब, वारंवार उलट्या. तिथे लॅक्टोजमुक्त दुधाने काही होणार नाही, कारण प्रथिनं त्यात तशीच असतात, आणि दहीही चालत नाही. तुमच्या बाळाने जुलाबाआधी महिनोन्‌महिने वरचं दूध मजेत प्यायलं आहे, म्हणून मला ती शक्यता कमी वाटते. पण रक्त दिसलं तर माझं हे सगळं बाजूला ठेवून लगेच दाखवा.

थांबू नये अशा आणखी काही गोष्टी: बाळ मलूल पडलं, प्यायला उठेना, डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, सहा-आठ तास शू नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर पटकन जागेवर जाईना, प्यायलेलं सगळं उलटतंय. यातलं एकही दिसलं तर त्याच वेळी दवाखाना. आणि काहीही झालं तरी चौदाव्या दिवशी शी पातळच असेल, तर त्याला आम्ही लांबलेले जुलाब म्हणतो. तेव्हा घरच्या घरी दूध बदलत बसू नका. वजन, रक्त, लघवी, शी असं सगळं नीट तपासायला हवं, कारण लघवीच्या संसर्गासारखं दुसरंच काही आत चालू असू शकतं.

आता सहा महिन्यांची गोष्ट. वैद्यकीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे तीन वर्षांची मुलगी आली होती, पाय दुखतात म्हणून. दहा महिन्यांची असताना जुलाब झाले तेव्हा कोणीतरी दूध बंद करायला सांगितलं होतं. परत कधी सुरू करायचं ते कोणी सांगितलं नाही, आईनेही विचारलं नाही. दोन वर्षं त्या मुलीला दूध, दही काही मिळालं नव्हतं. फाइलवर मोठ्या अक्षरात ‘दूध वर्ज्य’ लिहिलेलं, आणि ते खोडायची जबाबदारी कोणाचीच नव्हती. मी तिला समोर दोन चमचे दूध पाजलं. काही झालं नाही. आठवड्यात ती कप भरून पिऊ लागली. तेव्हापासून मी दूध बंद करायला सांगते तेव्हा त्याच कागदावर, त्याच ओळीत, ते सुरू करायची तारीख लिहिते.

तुम्हीही तसंच करा. लॅक्टोजमुक्त दूध सुरू कराल त्या दिवशी कॅलेंडरवर पुढच्या चौदाव्या दिवसाभोवती गोल करा. त्याच्या आधी जुलाब थांबून शी तीन-चार दिवस नीट होत असेल तर दहाव्या दिवशीही चालेल. पहिल्या दिवशी नेहमीचं दूध 30 मिलिलिटर, जेवणाबरोबर. दुसऱ्या दिवशी 60. मग रोज थोडं वाढवत आठवड्यात नेहमीच्या मापावर या. मधे एखादी शी सैल झाली तर घाबरून सगळं बंद करू नका, दोन दिवस त्याच मापावर थांबा आणि पुढे चला. फेस, आवाज, लाली हे सगळं परत आलं तरच आठवडाभर मागे या आणि पुन्हा प्रयत्न करा. जुलाब थांबल्यावर पुढचे दोन आठवडे दिवसातून एक जेवण जास्तीचं द्या आणि दर आठवड्याला त्याच काट्यावर, कपडे काढून वजन करा. 9.6 परत गाठलं की मला खरं समाधान वाटेल.

आयुष्यभराचं म्हणाल, तर या आजारावरून त्याबद्दल काहीच सांगता येत नाही. जन्मतःच लॅक्टेज नसणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे आणि ती पहिल्या काही दिवसांतच उघड होते, चौदा महिने वाट बघत नाही. वय वाढल्यावर लॅक्टेज कमी होणं मात्र जगातल्या बहुसंख्य लोकांत होतं, पण त्याचा त्रास साधारण पाच वर्षांनंतर जाणवायला लागतो आणि तेव्हाही बहुतेकांना थोडं दूध आणि दही चालतं. तुमच्या मुलाच्या नशिबी ते असलं तर ते वंशाने आलेलं असेल, या जुलाबाने नाही. तुम्ही शेवटी विचारलंय की मोठ्या मुलीचंही दूध आत्ताच बंद करू का. तिला काही त्रास नाही ना? मग तिला पिऊ दे.